अळणी नवस

माझ्या वडिलांचा जीव पाण्याने घेतला. नदीच्या नाही, घरच्या माठातल्या.

आज अण्णांचा स्मृतिदिन. आई होती तोवर हे लिहिणं शक्य नव्हतं.

अण्णा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते.
१९७८च्या उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. ताप हटेना, तेव्हा अण्णा देवीला नवस बोलले. पोर उठली की ओटी भरीन, तोवर मीठ खाणार नाही.

आई त्यांची आमटी वेगळी काढायची. अळणी.

ड्यूटीवर सगळे मीठ घातलेलं लिंबूपाणी प्यायचे. अण्णा नाही. ते नुसतं पाणी प्यायचे, घटाघटा.
सोबतचे म्हणायचे, "घामातनं मीठ जातंय राव. एवढं चालतंय देवीला."
"पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यात सूट नको."

मग माझा ताप उतरला. मी उठून बसले, पेज मागितली.
आई म्हणाली, "आता तरी मीठ घ्या."
"शुक्रवारी ओटी भरू. मग घेतो."

बुधवारी शिफ्टवरून आले ते डोकं धरूनच. पोटऱ्यांत गोळे, उलट्या.
शेजारी म्हणाले, "ऊन लागलंय, पाणी पाजा."
आई पाजत राहिली. उलटी झाली की पुन्हा तांब्या.

संध्याकाळी ते मला ओळखेनात.
नाशिक रोडला दवाखान्यात नेताना वाटेतच झटके सुरू झाले. पहाटे गेले.

पुढे अकरावीत जीवशास्त्राच्या बाईंनी बेदाणे पाण्यात टाकले. टम्म फुगले. पेशीच्या पडद्याआड साखर, मीठ जास्त असेल तर पाणी आत ओढलं जातं, त्या म्हणाल्या.

अण्णांचं मीठ घामात गेलेलं. रक्त पातळ झालं आणि पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं. पेशी फुगल्या. कवटीत फुगायला जागाच नसते.

मी वर्गातून उठले आणि नळाशी जाऊन ओकले.

मला देवीचा राग येत नाही. मी वाचले याचा येतो. अजूनही येतो.

आई वर्षानुवर्षं एकच विचारायची. "आणखी दोन तांबे पाजले असते तर वाचले असते का गं?"
"नाही आई. तू भरपूर पाजलंस."
"नाही गं. कमीच पडलं माझं."

यंदा मार्चमध्ये ती गेली. शेवटपर्यंत तेच विचारत होती.

अण्णा, तुम्हाला नमस्कार.
आई तिथे भेटली तर तिला यातलं काही सांगू नका.