शेवटच्या पानावरची शिफारस

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसायला लागले, तेव्हा मुलानंच वाचनालयाच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं की आमच्या आईला काहीतरी उद्योग द्या. आधीचे ग्रंथपाल लेकाकडे पुण्याला राहायला गेले होते, जागा मोकळी होती. अशी मी जानेवारीत ग्रंथपाल झाले. आमचं गाव कुंडलच्या पलीकडे, चहूबाजूंनी ऊस. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं आणि दोन पंखे, त्यातला एक फिरणारा.

पहिल्या आठवड्यातच माझं डोकं फिरलं. कुठलंही पुस्तक उघडा, शेवटचं कोरं पान शिसपेनीनं भरलेलं. ‘छान आहे.’ ‘ठीक.’ ‘मधली पानं गाळली तरी चालतंय.’ कुणी नुसतीच बरोबरची खूण केलेली, कुणी दोन फुल्या मारलेल्या. एका कादंबरीच्या मागं लिहिलं होतं, ‘हितली बाई लय रडती. आपून रडायचं न्हाई, पुढं बरं हुतंय.’ ते वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. हसले, आणि लगेच खोडरबर घेऊन ते खोडलं. सार्वजनिक पुस्तकावर लिहायचं नसतं, हे मी चाळीस-चाळीस पोरांना घसा कोरडा करून शिकवलेलं. आता गावातली मोठी माणसंच तसं करतात म्हटल्यावर मला चेव चढला.

त्यातच कार्यकारिणीनं ठरवलं की यंदा उन्हाळी वाचनाची यादी काढायची. आमच्याकडे वाचनालयाचा खरा हंगाम मे महिना. लेकी माहेरी येतात, सुट्टीवर आलेले फौजी दुपारी घरात बसून कंटाळतात, पोरांची शाळा बंद असते. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी चाळीस पुस्तकं निवडली. चरित्रं, निबंध, प्रवास, शेतीशास्त्र, एकापेक्षा एक वजनदार. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मीही वाचलेली नव्हती. पण यादी कशी, बघितली की लोक दबकले पाहिजेत! तिचा फ्लेक्स करून दाराशी लावला. आणि सुट्टीतल्या पाहुण्यांच्या हातात स्वच्छ पुस्तकं पडावीत म्हणून एप्रिलभर सकाळ-संध्याकाळ बसून सहाही कपाटांतली पुस्तकं खोडून काढली. मनगट दुखायला लागलं तेव्हा डाव्या हातानं खोडलं.

मे उजाडला आणि पुस्तकांची देवघेव एकदम मंदावली. लोक यायचे, फ्लेक्सकडे बघून मान डोलवायचे, कपाटातून पुस्तक काढायचे, थेट शेवटचं पान उघडायचे आणि पुस्तक जागेवर ठेवून द्यायचे. आमच्याच गल्लीत एक शिलाईकाम करणाऱ्या बाई राहतात. आठवड्याला एक पुस्तक हटकून बदलणाऱ्या. त्याही चार पुस्तकं बघून रिकाम्या हातानं निघाल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

“अहो, एवढी यादी लावलीय दाराला. घ्या की त्यातलं एखादं!”

“आवं बाई, यादी चांगलीच हाय,” त्या चपला घालता घालता म्हणाल्या, “पर शेवटच्या पानावर कायच न्हाई. मग आमाला कळायचं कसं?”

दुसऱ्या दिवशी त्या लेकीच्या बाळंतपणाला इस्लामपूरला निघून गेल्या आणि मी त्यांच्या त्या एका वाक्यावर चडफडत बसले. म्हणजे मी खोडली ती घाण नव्हती. गावाची उन्हाळी यादी तीच होती, कित्येक वर्षं हळूहळू भरत आलेली, वाचलेल्यानं न वाचलेल्यासाठी लिहिलेली. ती मी पुसली आणि वर न वाचलेल्या पुस्तकांचा फ्लेक्स लावला. पण चूक कबूल करणं माझ्या रक्तात नाही. फ्लेक्स तसाच राहू दिला.

मग एका सकाळी माझी जुनी विद्यार्थिनी आली. कवठे महांकाळकडे दिलेली, दोन पोरांची आई. शाळेत असताना धडा वाचायला उभी केली की हिच्या पोटात दुखायचं. पुस्तकाशी हाडवैर. ती वाचनालयाच्या पायऱ्या चढतेय म्हटल्यावर मला नवलच वाटलं. तिची आई गेल्या दिवाळीनंतर वारली होती. आईवाचूनचं तिचं हे पहिलंच माहेरपण.

“बाई, आईच्या हातचं काय हाय का हितं?” तिनं विचारलं.

मला काही उमगेना.

“आई हितनं पुस्तकं न्यायची. मागं कायतरी लिवायची म्हनं. शेजारच्या बायका म्हनत्यात, तुझ्या आईनं लिवलेलं बघूनच आमी पुस्तक न्यायचो.” ती टेबलाच्या कडेला बोटं घासत होती. “घरात शोधलं. साड्या हायत, फोटू हाय, फोनमदी आवाज बी हाय. पर लिवलेलं एक अक्षर न्हाई. चिठ्ठी कशाला लिवंल ती? रोज फोन हुता की. मी रडाय लागले की म्हनायची, आपून रडायचं न्हाई, पुढं बरं हुतंय.”

‘हितली बाई लय रडती’ कुणाचं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. चौथीपर्यंत शिकलेली, उसाच्या बांधावरून थेट वाचनालयात येणारी ती बाई, आणि तिचं अक्षर मी हसून पुसलं होतं. मी म्हणाले, “बघते शोधून. उद्या ये.” खरं सांगायची हिंमत झाली नाही.

ती दुपार मी कपाटांपुढे काढली. जेवायलाही गेले नाही. एकेक पुस्तक काढून शेवटचं पान बघत गेले. माझं काम नेहमीच चोख असतं, तसं तेही चोख झालं होतं. एक रेघसुद्धा मागं राहिली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या टापटिपीची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. नुसतं म्हणाली, “तुमी शाळेत बी असंच करायचा, बाई. आमचं लिवून व्हायच्या आदीच फळा पुसायचा.”

मी खाली मान घालून समोरचं रजिस्टर उगाच उघडलं. आणि त्यातच मला वाट दिसली. मी यायच्या आधी नेलेली आणि अजून परत न आलेली पुस्तकं! ती काही माझ्या खोडरबराच्या तावडीत सापडली नव्हती. फेब्रुवारीत मी या थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावून त्यांची पार शोभा केली होती, आणि आता त्यांच्याच दारात जायची पाळी माझ्यावर आली. तिच्या आईनं वाचून परत केलेली तीन पुस्तकं तशी बाहेर होती.

“गाडीवर बस,” मी म्हणाले.

उन्हाचा नुसता भडका उडालेला. डोक्याला ओढण्या गुंडाळून आम्ही स्कूटीवरून आधी मळ्यातल्या वस्तीवर गेलो. तिथं एक निवृत्त हवालदार राहतात. मला बघताच ते उभे राहिले.

“बाई, चुकलंच आमचं! नाव काढा तेवढं फळ्यावरनं.”

“नाव राहू दे,” मी म्हणाले, “आधी पुस्तक दाखवा.”

त्यांनी ट्रंकेतून पुस्तक काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. शेवटच्या पानावर पाच-सहा जणांचं लिहिलेलं होतं, पण तिच्या आईचं नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा पान उलटून पाहिलं. हवालदारांना कारण कळल्यावर त्यांनी आम्हाला ताक दिलं आणि घोंगडीवर बसवलं.

दुसरं पुस्तक खतांच्या दुकानात होतं. दुकानदार जैन, वयस्कर, तंबाखूलाही न शिवणारे. वाचनाचं व्यसन मात्र भारी. गल्ल्याखालून त्यांनी जाडजूड ग्रंथ काढला. शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, दाबून दाबून लिहिलेलं मोठं अक्षर होतं. ‘लय मोठं हाय. घाई करू नगा. शाळू काढायच्या दिवसांत अजाबात घिऊ नगा, भाकरी करपत्यात.’

ती हसली. हसता हसता तोंडावर पदर धरला आणि मग किती तरी वेळ तो काढलाच नाही. दुकानदारांनी गिऱ्हाइकाला हातानंच थांबायची खूण केली. “तुझी आई शिफारस करायची ना, ती खोटी न्हाई ठरायची कवा,” ते म्हणाले.

तिसरं पुस्तक शिलाईवाल्या बाईंकडे होतं; बाकीची वेळेवर बदलून हे एकच त्यांनी थकवलं होतं. त्या त्याच दिवशी इस्लामपूरहून परतल्या होत्या, पिशवीसुद्धा उघडली नव्हती. मी पुस्तकाचं नाव काढताच त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

“मुद्दामच दिलं न्हाई. तुमचा खोडरबर बघितला आन् ठिवून घेतलं. म्हनलं, लिवनारीची लेक मे महिन्यात येती, तिच्याच हातात द्यायचं.” त्यांनी मशीनच्या खणातून एक पातळ पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं.

तिनं शेवटचं पान उघडलं. वाचलं आणि पुस्तक माझ्यापुढं केलं. लिहिलं होतं: ‘माज्या लेकीनं वाचावं असं हाय. ती वाचत न्हाई. दुसऱ्या कुनी तरी वाचा.’

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. “दर मे महिन्याला आई उशाला पुस्तक आनून ठिवायची,” ती म्हणाली. “मी त्याच्यावर फोन ठिवून झोपायची.” मग खूप रडली. शिलाईवाल्या बाईंनी तिला जवळ घेतलं. मीही रडले, सांगायला कसली लाज. दुसऱ्याच्या अक्षराला घाण म्हणायचा मला काय अधिकार होता, हेच राहून राहून मनात येत होतं.

ते पुस्तक मी माझ्या नावावर तिला दिलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवला, टेबलावर शिसपेनींचा डबा ठेवला आणि येईल त्याला सांगायला लागले की वाचलेलं असेल तर मागं लिहा, खोटं लिहू नका. लोक आधी घाबरले. बाईंनी कशात तरी अडकवायचा बेत केलाय, असं त्यांना वाटलं. हवालदारांनी सुरुवात केली, मग बाकीचे लागले. देवघेव पुन्हा चालू झाली.

सासरी जायच्या दिवशी ती पुस्तक परत करायला आली. घाईत होती, पोरं रिक्षात बसलेली. पुस्तक टेबलावर ठेवून गेली. मी शेवटचं पान उघडलं. आईच्या ओळीखाली तिनं लिहिलं होतं: ‘आई, वाचून झालं. आता कुठलं वाचू?’

मी शिसपेन हातात घेतली, पण काय लिहावं ते सुचेना, म्हणून पुस्तक तसंच कपाटात ठेवलं. ते लगेच कुणीतरी नेलं. मग दुसऱ्यानं नेलं. परवा ते हाती लागलं, तेव्हा उघडून पाहिलं. तिच्या प्रश्नाखाली चार वेगवेगळ्या हातांनी चार पुस्तकांची नावं लिहिली होती, आणि शेवटच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘हे तुज्या आईनं मला दिलं हुतं.’ मी कवठे महांकाळला फोन लावला आणि ती चारही नावं तिला सावकाश सांगितली. ती म्हणाली, “थांबा बाई, लिवून घेते.”