गुडघे कोणी टेकले

चू मलसुनबाईंनी सेटच्या छताला लाकडी पट्टी लावली आणि तोंड वाकडं केलं.

"हा पोटमाळा? इथे माणूस ताठ उभा राहतोय! आमच्या वेळी कारखान्याच्या माळ्यावर उभं राहिलं की टाळकं आपटायचं. चौदा-चौदा तास कमरेतून वाकून काम."

"कॅमेरा मावायला हवा ना, आजी," डायरेक्टर नाम हायुल म्हणाली.

"आजी कोणाला म्हणतेस गं? अजून मशीनवर बसते मी!"

गल्लीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. कोरियात सोल शहराच्या छांगशिन-दोंग वस्तीतल्या चढावर घरोघरी शिलाईमशिनं चालतात. तिथून हायुलने त्यांना गर्दीत बसायला आणलं होतं. मलसुनबाई मात्र सल्लागार. सिनेमाच्या शेवटी पाट्यांमध्ये त्यांचं नाव येणार होतं आणि ही बातमी त्यांची अख्ख्या गल्लीला दोनदा सांगून झाली होती.

नावाचं एवढं अप्रूप का, तर घरात चौथी मुलगी झाली म्हणून बापाने वैतागून 'ही शेवटची' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. आपल्याकडे नकुशी ठेवतात तसंच. ते नकोसं नावही तेराव्या वर्षी सोलच्या कपडा बाजारात आल्यावर गेलं. कारखान्यात पोरींना नंबराने हाक मारत. ही सात नंबर. नाव परत मिळालं ते कामगार संघटनेच्या संध्याकाळच्या वर्गात. हजेरीत "चू मलसुन" पुकारलं, तेव्हा आपल्यालाच हाक मारताहेत हे तिच्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या पांग योनबुनने कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे ती "हजर" म्हणाली.

योनबुन तीन नंबर. सिनेमाची गोष्ट तिचीच होती. एकोणीसशे त्र्याहत्तर साली मालकाला वर्गाचा सुगावा लागला आणि त्याने दोघींना खाली बोलावून फर्मावलं, "गुडघे टेका. पुन्हा जाणार नाही म्हणा. नाहीतर चालत्या व्हा." त्यानंतर योनबुनला त्या बाजारात कुणी उभं केलं नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी ती छातीच्या दुखण्याने गेली.

जेवणाआधी तोच प्रसंग चित्रित व्हायचा होता. योनबुन झालेली नटी मालकासमोर आली, धाडकन गुडघ्यांवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. गरीब माणूस रडला नाही तर या सिनेमावाल्यांना चैन पडत नाही, त्याला काय करणार!

"थांबव," मलसुनबाई कॅमेऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "योनबुनने गुडघे टेकले नव्हते."

"बाई, बाजूला व्हा ना," हायुल म्हणाली. "तिने टेकले तर प्रेक्षकाच्या डोळ्यांत..."

"टेकले असते तर ती जगली असती! ती मालकाला म्हणाली, 'वर तुम्ही मला ताठ होऊ दिलं नाही. इथे मी वाकणार नाही.' आणि चालती झाली. त्यापायी तिने सगळं गमावलं, आणि तू तिला फुकटात खाली बसवतेस?"

हायुलही इरेला पेटली. "पण त्या काळी पोरी गुडघे टेकायच्या. मी दहा जणींशी बोललेय. मग सगळ्या पोरी काय वाघिणी होत्या, असं दाखवू?"

मलसुनबाईंच्या मागे गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. संघटनेची वाघीण म्हणून त्या सगळ्या बाईंना 'थोरली ताई' म्हणत. लेकीनेही लहानपणापासून आईची तीच वाघिणीची कथा ऐकली होती. बाईंना वाटलं, आता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नाही. पण योनबुन तशीच गुडघ्यांवर राहील.

"नाही," त्या म्हणाल्या. "गुडघे मी टेकले."

गल्लीतल्या बायकांनी माना वर केल्या.

"माझा धाकटा भाऊ शाळेत होता, त्याची फी माझ्याच पगारातून जायची. मी टेकले, पुन्हा जाणार नाही म्हणाले, आणि वर जाऊन कॉलर जोडायला बसले. योनबुन माझ्याकडे बघून गेली. पन्नास वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही."

"ताई..." गेसुन नावाची बाई मागून पुटपुटली.

"ताई नको म्हणूस आज." बाई हायुलकडे वळल्या. "गुडघे टेकलेले दाखवायचेत ना? खुशाल दाखव. रडवायचं तितकं रडव. पण ती मुलगी मी आहे. तिला नंबर देऊ नकोस. हाक मारताना पुरतं नाव घे, चू मलसुन. गावभर कळू दे. पण योनबुनला उभी कर."

"तुमची मुलगी बघेल," हायुल हळूच म्हणाली.

"बघू दे की!"

हायुलने पटकथेचा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. रडणारी नटी डोळे पुसत उठली. दुसऱ्या मुलीला बोलावून तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसवलं.

मलसुनबाई त्या बसलेल्या मुलीकडे ढुंकूनही न पाहता उभ्या असलेल्या नटीपाशी गेल्या.

"ती अशी उभी नव्हती," त्या म्हणाल्या. "खांदे मागे घे. आणि मालकाच्या डोळ्यांत बघ."