खोकल्याची चाल

तानाबाईनं आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, आणि त्या रेकॉर्डवर तिचं नाव नव्हतं. बाकी सगळं होतं. तिचा आवाज होता, तिचे शब्द होते, तिचा खोकलासुद्धा होता.

ती धाड गावची. लग्न होऊन मलकापुरात आली तेव्हा तिचा नवरा सहदेव कापसाच्या जिनात गठाणी उचलायचा. दुसऱ्याच हंगामात तीही तिथं कामाला लागली. आत रेच्यांची, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची, लांबच लांब रांग, प्रत्येक रेच्यापुढं एक बाई, आणि बाईचं काम एकच: ढिगातला कापूस ओढून यंत्राच्या तोंडात देत राहायचं. रुई पुढं पडे, सरकी खाली पडे, आणि तिसरी एक वस्तू हवेत राही. सकाळी खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला की तेवढ्यापुरती ती दिसे. मग दिसत नसे, छातीत असे.

रेच्यांच्या धडधडीत गाणं चालत नाही. सूर लांबवला की यंत्र तो खाऊन टाकतं. तानाबाईला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ती गायचं सोडून बोलू लागली. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकू लागली.

सरकी गेली बैलाले, रुई गेली मंबईले,
धूळ राह्यली नरड्यात, थे देल्ली कोनं कोनाले?

शेजारच्या रेच्यावरची जनकाबाई हसता हसता वाकायची.

"काऊन वो ताना, मुकादमाले ऐकू गेलं तं?"

"जाऊ दे ना. त्याच्याबी नरड्यात हायेच."

हंगाम सरेपर्यंत सात कडवी झाली. मुकादमाची शिटी आली, बिनदुधाचा चहा आला, मालकाचं पांढरंशुभ्र धोतर आलं. सातवं कडवं तिनं नावाचं केलं. त्या मुलखातल्या गायन पार्ट्यांमध्ये रीतच होती ती. गाणं कितीही मोठं असो, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. ज्या गाण्यात नाव नाही ते बेवारस. सापडेल त्यानं उचलावं, आपलं नाव घालावं आणि म्हणावं. त्याला चोरी म्हणत नसत. म्हणून तानाबाईनं लिहिता येत नसतानाही आपलं नाव पक्कं बांधून घेतलं:

मलकापूरच्या जिनातली मी, धाडची हो लेक,
ताना म्हणे, इचारा बाई, सवाल माहा एक.

वस्तीत दयाराम नावाच्या पेटीवाल्याची गायन पार्टी होती. बासष्ट सालच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यानं तानाबाईला मंडपात उभी केली. ऐकून झाल्यावर त्यानं पेटीचा भाता बंद केला.

"तानाबाई, हे गानं नाही. हे तं भांडन हाये."

"भांडनच हाये, दादा."

"मंग असंच राहू द्या. याच्यात मी पेटी वाजवत नाही. नुसता डफ."

पुढं दोन वर्षांनी एका रेकॉर्ड कंपनीनं दयारामच्या पार्टीला मुंबईला बोलावलं. एका बाजूला त्याचं स्वतःचं गाणं, दुसऱ्या बाजूला तानाबाईचं. प्रत्येक बाजूला सव्वातीन मिनिटं, त्याच्यावर एक क्षण नाही, असं कंपनीचं पत्र आलं होतं. म्हणून पावसाळ्यातच सगळ्यांनी मलकापूर स्टेशनच्या घड्याळाखाली उभं राहून गाणं मोजलं. हमाल बघत राहिले. सात कडवी बरोबर तीन मिनिटांत बसली. सगळे खूश झाले. हंगाम बंद होता, तानाबाईची छाती मोकळी होती. खोकला कोणीच मोजला नाही.

रेकॉर्डिंग झालं डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना. खोलीला चारी बाजूंनी जाड पडदे. इतकी शांतता तिनं जन्मात ऐकली नव्हती.

"अथी धडधडच नाही," ती दयारामला म्हणाली. "मी ठोका कोठी धरू?"

डफवाल्यानं जोर लावला. लाल दिवा लागला. तिसऱ्या कडव्यानंतर तिला खोकला आला. डफवाला थांबला नाही, ठोका धरून राहिला. पाचव्यानंतर पुन्हा आला, जास्त आला. सातवं कडवं तिनं उचललं, "मलकापूरच्या" एवढं म्हटलं आणि दिवा विझला.

"थांबा, माहं नाव राह्यलं!"

दुसऱ्यांदा घेतलं. या वेळी तिनं खोकला दाबून धरला. चौथ्या कडव्यात डोळ्यांतून पाणी आलं आणि आवाजच बंद झाला. काचेमागचा माणूस म्हणाला, "पहिलंच छान आहे. तो शब्द काढून टाकू. खोकला तर काय ठेक्यात बसलाय! पुढची पार्टी थांबलीय."

दयाराम खाली बघत म्हणाला, "तबकडीवर छापतीन ना नाव."

तबकडीवर छापलं होतं: दयाराम आणि पार्टी.

"पार्टीत तुमी येताच ना तानाबाई," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर तिला भांडता आलं असतं.

रेकॉर्ड चालली. स्टेशनजवळच्या हॉटेलात चालली, लग्नाच्या लाउडस्पीकरवर चालली. निवडणुकीच्या जीपवाल्यांनी सरकीच्या जागी आपापल्या उमेदवाराला बसवलं. शेगाव, खामगाव, अकोल्याकडच्या पार्ट्या तसंच झपाझप बोलत गाणी रचू लागल्या आणि तिसऱ्या, पाचव्या कडव्यानंतर खोकू लागल्या. धडधाकट माणसं, पान खाऊन आलेली, डफाच्या ठोक्यावर खोकत. लोक त्याला खोकल्याची चाल म्हणू लागले. एका हंगामात तर खुद्द जिनाच्या मालकानं यंत्रपूजेला तीच रेकॉर्ड लावली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि वरून तानाबाई विचारत होती की ही धूळ कोणी कोणाला दिली. मालकानं मान डोलावली. बाया पेढा खाऊन रेच्यांवर बसल्या.

एकोणिसाव्या हंगामाला मुकादम अर्जुनरावनं तिला फाटकातच थांबवलं.

"बाई, आता दम राह्यला नाही तुमच्यात. घरी बसा."

घरी तिच्याकडं रेकॉर्ड होती, ती वाजवायला यंत्र नव्हतं. रोज भांडी घासताना ती फक्त सातवं कडवं म्हणायची. बाकीची सहा तर सगळा जिल्हा म्हणतच होता.

एकोणऐंशी साली रोहिणखेडला गायनाचा सामना ठरला. वीज जायची म्हणून दुपारीच. खामगावकडचा पंजाबराव नावाचा तरुण गायक खोकल्याची चाल म्हणणार, असं कळल्यावर तानाबाई जनकाबाईला घेऊन एसटीनं गेली.

"काय करतं तथी जाऊन?" जनकाबाईनं वाटेत विचारलं.

"कडवं देऊन येतो."

पंजाबराव चांगला म्हणायचा. तिसऱ्यानंतर खोकला, पाचव्यानंतर खोकला, सगळं रेकॉर्डसारखं. आणि सातवं कडवं त्याचं स्वतःचं: पंजाब म्हणे. रीतीप्रमाणं त्यात वावगं काहीच नव्हतं. तानाबाई बायांच्या घोळक्यातून उठली आणि थेट मंचापाशी गेली.

"भाऊ, ह्या गान्याचं शेवटचं कडवं म्या आनलं."

"म्हना ना मावशी, म्हना!" त्यानं माईक खाली वाकवला.

"मलकापूरच्या जिनातली मी, धाडची हो लेक..."

डफवाल्यानं सवयीनं ठोका धरला. पुढचा शब्द ताना होता. तोंड उघडलं आणि खोकला आला. शिट्ट्या पडल्या. तिनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा खोकला आला. डफवाल्यानं तो ठेक्यात घेतला. मंडप टाळ्यांनी भरला. पुढच्या रांगेतला कोणीतरी ओरडला, "वा रे बुढी! हुबेहूब!"

पंजाबराव खाली उतरला. तिच्या पायाला हात लावून म्हणाला, "मावशी, असा खोकला आमच्यापैकी कोनाले जमला नाही. कोनापाशी शिकल्या?"

तिला बोलता येत नव्हतं. जनकाबाई बायांच्या घोळक्यातूनच ओरडली, "जिनात शिकली थे! अठरा वर्सं! गानं तिचंच हाये!"

"ऐकलं काय?" पंजाबराव माईकवर हसत म्हणाला. "जिनात शिकल्या म्हन्ते!" सगळा मंडप हसला. "मावशीच्या मानासाठी अजून एकडाव."

त्यानं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. तानाबाई खाली बसून ऐकत होती. शेवटच्या कडव्याला तिनं पदर तोंडावर धरला. त्यात पुन्हा त्याचंच नाव आलं. तिला खोकला तेव्हा आला नाही.