वीतभर सैल मैदान

टेलरमास्तर सातवीपर्यंत शिकले, आणि तेही, ते स्वतःच सांगतात, शाळेला दया आली म्हणून. गणिताच्या तासाला गुरुजी त्यांना बाकावर उभं करायचे. तिथून खिडकीबाहेरचं जग जास्त दिसायचं, त्यामुळे गणिताची गोडी लागली ती कायमची. पुढे मामांच्या दुकानात बटणं लावायला बसले, मग मशीनवर आले, मग कात्री हातात आली, आणि मग पंचेचाळीस वर्षं स्वतःचं दुकान. दुकान केवढं म्हणाल, तर गिऱ्हाईकानं माप द्यायला दोन्ही हात पसरले की एक हात रस्त्यावर.

"पंचेचाळीस वर्षांत एक कपडा परत आला नाही," असं मास्तर कुणालाही ऐकवायचे. दूधवाल्याला ऐकवून झालं होतं, दाताच्या डॉक्टरला तर तोंडात कापूस असताना ऐकवलं होतं. आता खरी गोष्ट सांगायची तर कपडे परत यायचे. चांगले ढिगानं यायचे. पण गिऱ्हाईक सैल शर्ट घेऊन दारात उभं राहिलं, की मास्तर चष्मा कपाळावर सारायचे, त्याच्याकडे आपादमस्तक बघायचे आणि हळहळून म्हणायचे, "घरी सगळं ठीक ना? फार वाळलात हो!" बिचारं गिऱ्हाईक शर्टाचं दुःख विसरून वजनाच्या काळजीत घरी जायचं. कपडा घट्ट झाला, तर "वा, प्रकृती मानवलीय!" कपडा चुकला असं त्या दुकानात कधी घडलंच नाही. चुकायचं ते अंग.

हे सगळं मागच्या खोलीत बसून त्यांची बायको ऐकायची. काज, बटणं, तुरपाई, सगळी हातशिलाई तिच्याकडे. मनगट असं की काजाचा टाका मोजून घ्यावा. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईना, तेव्हा तिनं सुयांची डबी मिटली आणि त्याच महिन्यात मास्तरांनीही दुकान मिटलं. लोकांना सांगितलं, "आता विश्रांती." खरं कारण असं, की बटण लावणारं माणूस गेल्यावर मास्तरांचे शर्ट नुसतेच उघडे.

अशा रिकाम्या घरात जावयानं पिकलबॉल आणला. आणला म्हणजे काय, एक जाळी, चार सपाट बॅटी आणि प्लॅस्टिकचे चेंडू.

"याला भोकं कुणी पाडली?" सासूबाईंनी चेंडू उलटासुलटा करून विचारलं.

"भोकं असतातच, आई. त्यामुळे फार जोरात जात नाही. म्हाताऱ्यांना बरं."

"म्हातारं कोण आहे इथे?" मास्तर गरजले आणि खुर्चीतून उठताना गुडघ्याला हात लावला.

कॉलनीच्या मागे, भंगार स्कूटर पडायच्या त्या फरशीच्या जागेवर मैदान करायचं ठरलं. जावयानं कागदावर मापं आणली होती. लांबी चव्वेचाळीस फूट, रुंदी वीस, जाळीपासून सात फुटांपर्यंतच्या पट्ट्याचं नाव किचन. तिथे उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. "बघा, जन्मात एक किचन असं भेटलं जिथे उभं राहायला मनाई," असं मास्तरांची बायको म्हणाली आणि त्याच क्षणी तिला खेळ आवडला.

जावई टेप काढायला लागला तसा मास्तरांचा स्वाभिमान जागा झाला. "जावईबापू, मापाचं काम आणि तुम्ही? सरका."

आता इथे काय झालं ते नीट ऐका. कापड बेतताना टेलर दोन रेषा मारतो. आतली रेष अंगाच्या मापाची, तिच्यावर शिलाई येते. बाहेरची तिच्यापेक्षा थोडी सैल, दाबायला आणि पुढे उसवून वाढवायला, तिच्यावर कात्री चालते. मास्तरांनी खडू हातात घेतला आणि हातानं पंचेचाळीस वर्षांची सवय केली. आत कागदावरच्या मापाची रेष, बाहेर दुसरी. शर्टाला इंचभर सोडतात, मग मैदानाला किती? मास्तरांनी उदार मनानं मागच्या बाजूंना वीत वीत सोडली आणि कडांना चार चार बोटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा रंग घेऊन बसले तेव्हा हात कुठल्या रेषेवर गेला असेल? बाहेरच्या! कात्री नेहमी बाहेरच्याच रेषेवर जाते. आतला खडू झाडून टाकला, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "एका सुताचा फरक निघाला तर मिशी उतरवीन."

कुणी मोजलं नाही. मास्तरांनी मापलंय म्हटल्यावर मोजणार कोण!

पहिल्या आठवड्यात चौघं खेळायची. महिन्याभरात वीस झाली. फेऱ्या मारणाऱ्यांनी फेऱ्या सोडल्या, प्राणायामवाल्यांचा श्वास अर्ध्यावर राहिला, बी विंगेतल्या ज्या दोन जावा एकमेकींशी सात वर्षं बोलत नव्हत्या त्या एका बाजूला उभ्या राहून "तुझा, तुझा!" असं ओरडायला लागल्या. नंबर लावायला बॅटी भिंतीला टेकवून ठेवायच्या अशी रीत पडली, आणि सहाव्या महिन्यात सकाळी सहा वाजता भिंतीला चाळीस बॅटी टेकलेल्या. शहरात तर लोकांना वेडच लागलं. गच्च्यांवर मैदानं झाली, बंद गोदामात झाली. ज्या टेनिस क्लबात आधी नाकं मुरडली गेली, त्यांनी टेनिसच्या एका कोर्टाची चार पिकलबॉलची केली आणि वर बोर्ड लावला, 'जागा नाही'.

गुण पुकारायला रिटायर्ड कंडक्टर होते. या खेळात गुण सांगताना तीन आकडे पुकारावे लागतात, आपले, समोरच्यांचे आणि सर्व्हिस पहिल्याची की दुसऱ्याची. भल्याभल्यांचा तिथे गोंधळ व्हायचा. कंडक्टरांचा नाही. "चार, दोन, एक! चला, पुढे सरका, पुढे मोकळं आहे!"

मास्तर कसे खेळायचे? मास्तरांच्याच शब्दांत, "उभं मशीन जसं हलवतात तसे." पण बाई, म्हणजे त्यांची बायको! तिच्या त्या काजाच्या मनगटातून चेंडू निघायचा तो बरोबर मागच्या कोपऱ्यात, रेषेला चाटून. समोरचा नुसता वळून बघायचा. साठीपुढच्या जोड्यांची शहरभराची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा कॉलनीनं एकमुखानं त्या दोघांचं नाव दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव छापून आलं होतं, लग्नपत्रिका सोडली तर. तिनं तो कागद चारदा वाचला. चष्मा लावून आणि काढून.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी तिथल्या हॉलमध्ये सरावाला मुभा होती. मास्तर, बाई आणि कंडक्टर गेले. तिनं पहिला चेंडू कोपऱ्यात मारला.

"आउट, वहिनी," कंडक्टर म्हणाले.

दुसरा मारला. आउट. तिसराही. प्रत्येक चेंडू रेषेच्या पलीकडे, वीतभर. ती जाळीजवळ गेली, रेषेकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि बॅट पिशवीत घातली.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "गेली माझी नजर. आधी सुईत दोरा जाईना, आता कोपरा दिसेना. नाव काढून घ्या."

मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "वय झालं की होतं तसं."

तिनं मान डोलावली. अगदी त्या गिऱ्हाइकांसारखी डोलावली, हे मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं. कारण हॉलमधलं मैदान पाहताक्षणी टेलरच्या डोळ्यानं त्यांना एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांना ऐकायची नव्हती. ते मैदान आपल्यापेक्षा एक साईझ कमी दिसत होतं.

सकाळी पावणेसहाला मास्तर टेप घेऊन खाली उतरले. साडेपंचेचाळीस फूट. पुन्हा मोजलं. टेप झटकून मोजलं. टेप बिचारा काय करणार! वर आले तर बाईची बॅट कपाटावर, जुन्या मशीनच्या झाकणाशेजारी ठेवलेली. चेंडू तिनं नातवाच्या खेळण्यांत टाकला होता.

मास्तरांना जी युक्ती सुचली ती सांगताना ते आजही कानाची पाळी धरतात. रंगाचा डबा घ्यायचा, गुपचूप रेषा आत सरकवायच्या, आणि चूप. डबा आणि ब्रश घेऊन ते खाली आले, गुडघ्यांवर बसले, आणि एक बाजू रंगवून झाली तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. रेषा आत गेल्या की सगळ्यांचेच चेंडू बाहेर पडणार. म्हणजे एका सकाळीत अख्खी कॉलनी म्हातारी होणार! चाळीस माणसं डोळ्यांच्या डॉक्टरकडे रांगा लावणार!

एवढ्यात मागून आवाज आला. "मास्तर, काय, शिलाई उसवली का मैदानाची?"

कंडक्टर होते. त्यांच्यामागे बॅटी घेतलेली आठ-दहा मंडळी.

"रंग उडाला होता," मास्तर म्हणाले.

आणि गंमत बघा, सगळ्यांना ते पटलं. कंडक्टर बॅट भिंतीला टेकवत म्हणाले, "बरं केलंत. वहिनींचं ऐकून वाईट वाटलं बुवा. दहा वाजता जाऊन तुमचं नाव काढून येतो."

मास्तरांनी ब्रश डब्यात ठेवला. उठायला गेले, उठवेना. मग तिथेच ओल्या रेषेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. दोन रेषा, बाहेरची कात्री, वीत वीत, चार चार बोटं. सांगताना पँटला मागून पांढरा पट्टा उठत होता तेही कळलं नाही.

बी विंगेतली मोठी जाऊ म्हणाली, "म्हणजे सहा महिने आम्ही वाढत्या अंगाचं मैदान घातलंय?" आणि जो हशा उसळला, त्यात मास्तरांची पंचेचाळीस वर्षांची अब्रू वाहून गेली. कुणीतरी म्हणालं, मैदान धुवून बघा, आकसेल. कुणी म्हणालं, खालून दुमडून घ्या. मास्तरांनी सगळं खाली मान घालून घेतलं. यापेक्षा अवघड काम वर होतं.

बाई चहा गाळत होती. मास्तर दारातच उभे राहिले, कारण पाठीमागे रंग होता.

"अगं, तुझी नजर ठीक आहे. मैदान चुकलंय. मी आखलं, मीच चुकलो."

तिनं गाळणं खाली ठेवलं. टेप घेतला, खाली गेली, सगळ्यांदेखत स्वतः मोजलं. टेपचं टोक मास्तरांनाच धरायला लावलं. मग टेप गुंडाळत म्हणाली, "काल बसमध्ये मला काय म्हणालात?"

मास्तर पँटला लागलेला रंग चोळायला लागले.

"चाळीस वर्षं मागच्या खोलीत बसून 'फार वाळलात हो' ऐकत आले. हसायचे मी. मलाही तेच ऐकवाल असं वाटलं नव्हतं."

मास्तरांच्या तोंडात शब्द येईना, आणि हा माणूस दाताच्या डॉक्टरसमोर बोलणारा! शेवटी म्हणाले, "माझं चुकलं." त्या घरात हे वाक्य इतकं नवं होतं की तिनं पुन्हा म्हणायला लावलं. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"काढा ती बॅट कपाटावरून," ती म्हणाली. "आणि पँट बदला. झेब्रा दिसताय."

उरलेल्या रेषाही आत घेतल्या आणि दोन दिवस ती नव्या रेषांवर खेळली. पहिल्या सकाळी दहातले आठ चेंडू बाहेर. संध्याकाळी पाच. दुसऱ्या दिवशी ती मारण्याआधी मनगट क्षणभर थांबवायला लागली, काजाचा शेवटचा टाका ओढताना थांबायची तसं. मास्तरांचे चेंडू मात्र पहिल्या दिवशी जिथे पडत होते तिथेच दुसऱ्याही दिवशी पडले, मैदानाबाहेर.

स्पर्धेत दोन सामने जिंकले. जिंकले म्हणजे तिनं जिंकले. मास्तर तेव्हा शेजारी हजर होते. तिसऱ्यात समोर शाळेतून रिटायर झालेले ड्रिलचे मास्तर आणि त्यांची बहीण. नऊ-नऊ झाले, मग समोरच्यांचे दहा. सर्व्हिस टेलरमास्तरांकडे आली. "सावकाश," बाई कानात म्हणाली, "आतल्या रेषेत." मास्तरांनी देवाचं नाव घेतलं, हात मागे नेला आणि चेंडू असा मारला की रेषेवरच्या पंचानं पाय बाजूला घेतले. सर्व्हिस गेली, पुढच्या चेंडूला सामना गेला.

हात मिळवताना ड्रिलमास्तर म्हणाले, "वहिनींचा कोपऱ्यातला फटका जबरदस्त. कुठे सराव करता?"

बाईनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मग स्वतःच पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, दोन रेषांपासून. पुढच्या मॅचला उशीर झाला, पंच येऊन उभा राहिला, तोही हसायला लागला.

बसमध्ये मास्तर बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. बरोबरीचा सामना त्यांनीच घालवला होता. ती मात्र खिडकीला डोकं टेकून आपल्याच नादात.

"तुमची शेवटची सर्व्हिस बघितलीत?" ती म्हणाली. "चेंडू खाली येताना फिरत होता. त्याची भोकं दिसली मला. एक एक."

"आणि पडला कुठे?"

"चांगला हातभर बाहेर," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ दिसलं."