आईच्या पंख्याचा गिअर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, उगाच कारण कशाला शोधू?

हिंगोलीत एसटी डेपोजवळ माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. प्लास्टिकच्या गिअरचा तुटलेला दात नवा करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. तुटल्या जागी टाचणी तापवून रुतवायची, तिच्यावर खायचा सोडा आणि झटपट चिकटणारा गोंद, मग कानशीनं घासून दात काढायचा. अर्ध्या तासाचं काम.

आई अर्धांगवायूनं तीन वर्षं बाजेवर होती. न्हाऊ-खाऊ घालणं, कूस बदलणं — सगळं माझ्याकडं. पुण्याच्या थोरल्या भावानं एकदा येऊन मान हलवणारा टेबलफॅन ठेवला आणि गेला. आणि आल्या-गेल्याला आई काय सांगायची? "थोरल्यामुळं वाचले, न्हाईतर उकाड्यात मेले असते." मी तिथंच तिचे पाय चेपत बसलेला! तिनं दगा दिल्यासारखं वाटायचं मला. अजून वाटतं — खोटं कशाला बोलू?

वैशाखात पंख्याची मान अडकली. आतल्या गिअरचे दोन दात गेले होते. सरळ वारं आईला सोसायचं नाही, खांदा ठणकायचा. म्हणून पंखा भिंतीकडं वळवून ठेवायचा आणि तिनं घामात पडून राहायचं. दुसऱ्याच दिवशी गिअर तयार होता — माझ्या सदऱ्याच्या खिशात. आणि मी तिला म्हणालो, "गिअर मिळंना गं कुठंच."

का म्हणालो? थोरल्याचा पंखा बिघडल्यावर तरी तिला मी दिसावं म्हणून? पटतंय तुम्हाला? मलाही नाही पटत.

"ऱ्हाऊ दे. काहून उन्हात फिरून राहिलास?" एवढंच म्हणाली.

मग थोरल्याचा फोन आला. पंखा अजून नीट झाला नाही म्हटल्यावर तो माझ्यावर उखडला. स्पीकर चालू होता. आई बाजेवरून म्हणाली, "त्याला बोलू नको काही. माझ्यापायी सारं हिंगोली पालथं घातलं लेकरानं."

माझा हात खिशात गेला. गिअर बोटांना लागला. मिळाला एकदाचा — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

नाही म्हटलं. पंखा अडकल्यापासून नवव्या दिवशी आई गेली. पंखा भिंतीकडंच होता.