लक्ष्मी आंटीचा ठोका

आधीच सांगून टाकतो... भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. भिलाईजवळ हथखोजच्या एका फॅक्टरीत मी मेंटेनन्स बघतो. मशीनमधून आवाज आला की तो कुठून येतोय हे शोधायचं, हेच माझं काम. आणि तो सापडतोच. हा एक सोडून.

आमचं सगळं आयुष्य भिलाईत सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि वर्षभरात बाबाही गेले. मी पावर हाउस स्टेशनजवळ चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. कॉर्नरचा, भरपूर उजेड, वर थेट गच्ची. मला वाटलं आई खूश होईल. कसलं काय! लिफ्टची तिला भीती, टाकीचं पाणी पाइपातून धडधडत उतरलं की दचकायची, समोरच्यांचं दार सदा बंद. बाल्कनीतून रेल्वे लाइन दिसते, लांब प्लांटच्या चिमण्या दिसतात. तिचं म्हणणं एकच, "इथून सगळं दिसते रे बाबू, पण भेटत कोणीच नाही."

तिचं जेवण निम्म्यावर आलं. "मले गोंदियाले भावाकडे सोडून दे," असं रोज सुरू झालं. घरात आम्ही दोघंच. एकदा गेली की ती परत येणार नाही, हे मला कळत होतं. आणि मला ती हवी होती.

क्वार्टरमध्ये आमचं आणि शेजारच्या लक्ष्मी आंटींचं किचन एकाच भिंतीला लागून होतं. दोघींचे नवरे शिफ्टवाले. नाइट करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असायचा, त्यामुळे हाका मारायची सोय नव्हती. म्हणून दोघी लाटण्याने बोलायच्या. भिंतीवर हलकेच दोन ठोके – चहा ठेवला. पलीकडून एक – आलेच. पुढे आंटी मुलाकडे, श्रीनूकडे, विशाखापट्टणमला गेल्या.

तर... एका रविवारी दुपारी आईने फ्लॅटमध्ये चहा ठेवला आणि सवयीने भिंतीवर लाटणं वाजवलं. मी हॉलमध्ये होतो. मला हसू आलं. तेवढ्यात पलीकडून एक ठोका आला, अगदी स्वच्छ.

"लक्ष्मी आहे," आई म्हणाली. जसा काही दूधवाला आला.

"आई, पलीकडे कोणी नाही. ती बाहेरची भिंत आहे!"

"मंग? तिचा हात मले ओळखू नाही येत का?"

मी खाली जाऊन मान वर करून बघितलं. कोरी भिंत. खिडकी नाही, पाइप नाही, एसीसुद्धा नाही. खालच्या मजल्यावरच्या भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आंटी ठोकती हैं, वो तो सुनाई देता है. जवाब? कौन सा जवाब?" संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या ठोकाठोकीची तक्रारही आली.

मग हे रोजचंच झालं. आई जेवायला लागली. त्याच भाभींना पोह्यांची ताटली देऊन आली, तक्रार तिथेच मिटली. गोंदियाचं नाव निघेना. मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती. आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण ठोका तर मलाही ऐकू येत होता... शेवटी श्रीनूला फोन लावला.

तो म्हणाला, "भैया, अम्मा ठीक हैं. बस शाम को किचन की दीवार ठोकती हैं. बोलती हैं, दीदी ने चाय रखी है. हम डॉक्टर को दिखाने वाले थे."

"भिंतीपलीकडे काय आहे?" मी हिंदीत विचारलं.

"लिफ्ट."

मी दोघींचं फोनवर बोलणं करून दिलं. वाटलं, रडतील. आईने तब्येत विचारली आणि दोन मिनिटांत फोन माझ्या हातात दिला. "रोजच तं बोलून राहिलो आमी. फोन कावून पाहिजे?"

गेल्या हिवाळ्यात आई भाचीच्या लग्नाला गोंदियाला गेली, परत येण्याच्या बोलीवर. मी घरी एकटा. चारच्या सुमाराला भिंतीतून दोन ठोके आले. मी खुर्चीतच थिजलो. थोड्या वेळाने पुन्हा दोन. मग श्रीनूचा फोन. "भैया, आंटी ठीक हैं ना? अम्मा चाय नहीं पी रहीं. बोलती हैं, उधर से जवाब नहीं आया." आई लग्नाला गेलीय म्हटलं, पण आंटींना ते पटेना. त्यांना वाटत होतं, आम्ही काहीतरी वाईट लपवतोय. मागून त्यांचं रडणं ऐकू येत होतं.

मी फोन कट केला. मुद्दाम. नाहीतर फोनमधून ऐकलं म्हणायला जागा राहिली असती. किचनमध्ये गेलो, लाटणं घेतलं आणि स्वतःचीच लाज वाटत एक ठोका मारला.

लगेच श्रीनूचा फोन वाजला. "भैया, अभी आपने ठोका क्या? अम्मा हँस रही हैं. बोलती हैं, ये दीदी नहीं, बाबू है, हाथ भारी है." मागून आंटी आणखी काहीतरी म्हणाल्या. "और पूछ रही हैं... अकेला है, तो खाना खाया कि नहीं?"

त्या आवाजाचं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही. मात्र त्या दुपारी मी खरंच जेवलो नव्हतो.