बांध फुटायची वाट बघताना

आमच्या धंद्यात फिल्म बनते दहा मिनिटांची आणि किस्से जमतात पोतंभर. फिल्म चॅनलवर जाते, किस्से आमच्या गळ्यात राहतात. एरवी ते चहाबरोबर खपतात. आज मी ते लिहून काढतेय, कारण मुंबईचा फोन यायचाय आणि मला स्वस्थ बसवत नाहीये. मोबाइल उलटा ठेवून झाला, सुलटा ठेवून झाला, रेंज आहे की नाही म्हणून नीलमला मिस्ड कॉल द्यायला लावून झाला. नीलम समोरच्याच खुर्चीत बसलीये!

आम्ही तिघं. मी दिग्दर्शक, म्हणजे शिव्या खायला पुढे. सुहास रोह्याचा, कॅमेरा त्याच्याकडे. नीलम नागोठण्याची, आवाज आणि एडिटिंग तिचं. पेणला स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर आमची एक खोली आहे, तिला मुंबईचे साहेब 'पेण डेस्क' म्हणतात. त्यांच्या ऑनलाइन चॅनलसाठी आम्ही इकडच्या खऱ्या माणसांच्या छोट्या फिल्म करतो. पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांनी सांगून टाकलं, "एक फिल्म चालवून दाखवा, नाहीतर डेस्क बंद."

आम्ही धरमतरच्या खाडीकाठचं गाव निवडलं. तिथे भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. बांध राहिला तर भात. फुटला तर खारं पाणी आत, मग काही वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. दामानाना आणि यमुनाकाकींचं शेत बांधाला अगदी लागून, म्हणून नाना आमचे हिरो. साहेबांना कल्पना फार आवडली. त्यांनी एकच वाक्य जोडलं, "बांध फुटतानाचा शॉट पाहिजे. तो नसेल तर फिल्म नाही."

म्हणजे आमचं ऑफिस टिकायचं, तर नानांचा बांध फुटायला हवा!

*

पहिला दिवस. शॉट अगदी साधा होता. खांद्यावर फावडं टाकून नाना बांधावरून चालत येतात, बस्स.

नाना आले. सुहासचा फोकस गेला. "नाना, परत एकदा!"

नाना वळले, लांब गेले, दिसेनासे झाले. आम्ही उन्हात उभे. बऱ्याच वेळाने आले, तर मध्येच एक म्हैस आली आणि कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. "नाना, परत!" नाना पुन्हा गायब. आता माझं डोकं फिरलं. मी तरातरा मागे गेले, तर नाना घरी! फावडं कोपऱ्यात, हातपाय धुतलेले, आणि काकी चहा गाळतायत.

"अहो नाना, इथे कशाला आलात?"

"तुमीच बोललाव ना, परत एकदा? मंग घरशी निघाया नको?"

काकींनी माझ्याही हातात कप दिला आणि म्हणाल्या, "इतक्या जवलून तुमाला नाना दिसला नाय. मुंबयवाल्यांना कसा दिसनार गो?"

*

बांध काही फुटेना, आणि चॅनलला तर दर आठवड्याला खाद्य लागतं. म्हणून मधल्या काळात जोह्याला गेलो, गणपतीच्या कारखान्यात. मूर्तीचे डोळे अगदी शेवटी काढतात. त्या कामाला आखणी म्हणतात, आणि त्या कारखान्यात ते रंजनाताईंकडे. ताईंनी ब्रश टेकवला तसा आजूबाजूचा आवाज आपोआप खाली आला. बुबुळ भरलं आणि मूर्ती आमच्याकडे बघायला लागली.

सुहास म्हणाला, "ताई, एक नंबर! आता याच गणपतीचं परत एकदा करू. लाइट यालाच लावलाय."

रंजनाताईंनी ब्रश पाण्यात खंगाळला.

"डोले उघडले त्याचे. आता परत उघडाया तो काय पेंगतोय व्हय?"

सुहासने त्या दिवशी 'परत एकदा' हे शब्द पुन्हा तोंडातून काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी काढलेच.

*

याच धावपळीत सुहासचं रोह्याला मुलगी बघणं झालं. त्याच्या आईने मलाही ओढून नेलं, कारण 'ऑफिसची मॅडम' सोबत असली की वजन पडतं. पोहे आले. मुलीचे वडील कंपनीत शिफ्ट इनचार्ज, माणूस नेमका आणि सावकाश बोलणारा.

"कॅमेरा चालवता म्हणजे लग्नाचे?"

"नाही. डॉक्युमेंटरी," सुहास म्हणाला. "खऱ्या माणसांवर फिल्म."

"आणि लग्नाचे?"

"लग्नाचे करत नाही."

त्यांनी मान डोलावली. मग पोह्यांची बशी सुहासकडे सरकवून अगदी मायेने म्हणाले, "मिळतील हो ऑर्डरी. धीर धरा. सुरुवातीला होतं असं."

मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर मात्र सुहास म्हणाला, "डेस्क बंद झालं तर त्यांचंच खरं होणार." मग मलाही हसायला येईना.

*

अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते. तेवढे दिवस धरून आम्ही गावात हजर व्हायचो. सुहास ट्रायपॉड लावून पाण्याकडे बघत बसायचा, मी बांधावर येरझाऱ्या घालायची. पाणी चढायचं, बांधाला टेकायचं, उतरायचं. काकी दर वेळी तांदळाची भाकरी आणि सुक्या कोलंबीचा जवळा घेऊन यायच्या. "बरा झाला आलात," म्हणायच्या. "उधानाला गावान मानसा जास्त असली की बरा वाटतं."

घास तोंडात फिरायचा. या बाईला वाटतंय आम्ही मदतीला आलोय, आणि आम्ही तर हिचं वाटोळं टिपायला बसलोय! लाज वाटायची, आणि पाणी उतरलं की वाईटही वाटायचं. दोन्ही एकदमच.

शेवटी नीलमला राहवलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. तिने नानांना सरळ सांगितलं, "नाना, आमच्या साहेबांना तुमचा बांध फुटताना बघायचाय. नाहीतर आमच्या नोकऱ्या जातील."

मी डोळे मिटून घेतले. आता फावडं येतंय की शिवी, एवढंच बाकी होतं.

नाना खदाखदा हसले. "माज्या बापानं घातलेला बांध हाय हा. वाट बगा. हितंच म्हातारे व्हाल!" मग काकींकडे वळून म्हणाले, "उद्यापासना भाकऱ्या वाढव. ही तिगां आता जात नाय."

*

आता शेवटचं उधाण. साहेबांनी दिलेली मुदतही त्याच अमावास्येला संपत होती. या किस्स्याचा शॉट आमच्याकडे नाही. फिल्मच्या शेवटी पडदा काळा आहे आणि नुसता आवाज आहे. साहेबांना हे चालणार आहे का, त्याचाच फोन यायचाय.

भर दुपार, भरती चढलेली. पलीकडे खाडी फुगलेली, अलीकडे नानांचं भात कमरेएवढं हिरवंगार. बांधावर नानांची मुलाखत संपली. आमच्यात एक रीत आहे. मुलाखत झाली की त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची, एडिटिंगमध्ये बोलण्यातल्या फटी बुजवायला ती लागते. नीलमने हेडफोन चढवले आणि बघायला जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, "आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही. हलायचंसुद्धा नाही."

लगेच सगळे ताठ उभे. एकाने टोपी काढली. नाना हळूच म्हणाले, "कोन गेला?"

"कोणी नाही गेलं नाना, गप्प!"

शांतता झाली. वारा आणि पाणी, बाकी काही नाही. माझ्या डोक्यात तर मुदतच वाजत होती. तेवढ्यात नीलमचा चेहरा बदलला. तिने हेडफोन दाबून धरले, केबल हलवून बघितली, मग पायाखाली बघायला लागली. बोलायची तर बंदी तिनेच घातलेली! तिने नुसतं बोट खाली केलं. नाना गुडघ्यावर बसले आणि बांधाला कान लावला.

"चिंबोरीनं भोक पारलंय! पानी आत जातंय!"

खेकड्याने पोखरलेल्या त्या भोकातून आतल्या अंगाला, भाताच्या मुळाशी, गढूळ पाण्याची धार लागली होती. आधी करंगळीएवढी, बघता बघता मनगटाएवढी. कडेची माती ढासळायला लागली. हाच तो शॉट! थोडा वेळ नुसतं उभं राहायचं होतं, बाकी सगळं पाण्याने केलं असतं.

सुहासचा हात कॅमेऱ्यावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. तो विचारत काहीच नव्हता, पण मी सांगितलं असतं तर त्याने केलं असतं. डेस्क, त्याचं लग्न, नीलमचा पगार, माझं सगळं, एकदम डोळ्यांपुढे आलं.

मी चपला काढल्या आणि खाली उतरले. सुहासने कॅमेरा तिथेच सोडला आणि माझ्या आधी चिखलात पोचला. नीलमने रेकॉर्डर गवतावर ठेवला आणि तीही आली. काकींनी पेंढ्याच्या पेंड्या फेकल्या, नानांनी त्या भोकात कोंबल्या, आम्ही हातांनी चिखल ओढून वर थापत राहिलो. ओरडाआरडा, शिव्या, "आन, आन, अजून आन!" नाना पाठ लावून बांधाला टेकून उभे, छातीपर्यंत चिखल. धार बारीक झाली. मग नुसती पाझरली. मग थांबली.

आम्ही सगळे जिथे होतो तिथेच बसलो. पुन्हा तशीच शांतता झाली, वारा आणि पाणी.

चिखलाने माखलेल्या तोंडात नानांचे फक्त डोळे दिसत होते. त्यांची नजर गवतातल्या रेकॉर्डरच्या लाल दिव्यावर गेली. ते तसेच, जराही न हलता, नीलमकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"झाला का गो तुजा मिनिट?"